गप्पीच्या टाकीतले दोन फिल्टर

एकेकाळी काचेच्या एका टाकीत हिरव्यागार पाणवनस्पती आणि गप्पी मासे सुखाने राहत होते. पुढे पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा मालकीण यशोधराबाईंनी दोन फिल्टर आणले.

मोठा फिल्टर ऐटीत म्हणाला, “मला लावा. संध्याकाळपर्यंत पाणी आरशासारखं करतो!”

स्पंजाचा छोटा फिल्टर म्हणाला, “बाई, मला आठवडा लागेल.”

सगळ्या माशांनी मोठ्यालाच पसंती दिली, आणि बाईंनीही त्यालाच लावलं.

संध्याकाळी पाणी खरोखरच लख्ख झालं. पण प्रवाहाच्या जोराने कोवळी रोपं उपटली गेली. त्यांच्या आडोशाला असलेली एका गप्पी मादीची इवली पिल्लं फिल्टरच्या तोंडाकडे ओढली जाऊ लागली. “अरे, थांब!” म्हणत गप्पी आडवी आली, तशी तिची शेपटी जाळीत अडकून फाटली. बाईंनी धावत येऊन बटण बंद केलं आणि स्पंजाचा फिल्टर बसवला. त्याचे बुडबुडे संथपणे वर जाऊ लागले. दमलेली पिल्लं त्याच्या मऊ अंगाला टेकून विसावली.

बाहेर ठेवलेला मोठा फिल्टर हिरमुसून म्हणाला, “मी तर पाणी स्वच्छच केलं होतं!”

“केलंस की,” गप्पी म्हणाली, “पण घाणीत तू आम्हालाही धरलंस.”