साळूची रानहळद

डोंगराच्या पायथ्याच्या दाट रानात, बाळांनो, अंगभर काटे मिरवणारी एक साळू राहत असे. रानहळद कुठे उगवते हे तिला एकटीलाच ठाऊक होते. कोणाला जखम झाली, की ती जमीन उकरून पिवळाधमक कंद काढी, दातांनी चावून लेप करी आणि जखमेवर लावी. जखम भरून येई. मग हरणे काय, माकडे काय, सगळी तिच्यापुढे माना लववत. स्वारी मोठी खूश होई!

एकदा शेजारचा ससा म्हणाला, "साळूमावशी, ती जागा मला दाखवून ठेवा ना. उद्या तुम्हालाच काही झालं तर?" साळूच्या मनात आले, जागा सगळ्यांना कळली, तर आपल्याला कोण विचारणार? "मला काय धाड भरली आहे?" ती फणकारली. तेव्हापासून कंद काढून झाला, की ती माती सारखी करी आणि वर पाचोळा पसरी. तिला खुणेची गरजच नव्हती, तिचे नाक मातीखालचा कंदही हुंगून काढी.

उन्हाळ्यात हळदीची पाने वाळून मातीत मिसळली. अशाच एका दिवशी बिबट्याने साळूवर झडप घातली. पंजात काटे रुतल्यामुळे त्याने तिला सोडले खरे, पण तिची मान फाटली होती. ती कशीबशी बिळात शिरली. दोन दिवसांत जखम सुजली आणि तिला उठवेना. "हळद आण रे," ती सशाला म्हणाली. "ओढ्यापलीकडे, काळ्या खडकाजवळ."

"खडकाच्या कुठल्या बाजूला? काही खूण?"

साळूचे डोळे भीतीने विस्फारले. "खूण मीच ठेवली नाही रे. मी वासावर जात होते."

ससा धावला. खडकाभोवती नुसता पाचोळा होता. तो इथे उकरी, तिथे उकरी. ओढ्याच्या झाडीत बिबट्या दुखरा पंजा चाटत गुरगुरत होता. गुरगुर जवळ आली, की ससा खड्ड्यात अंग चोरून बसे. पण मावशी वाट पाहत होती, म्हणून तो पुन्हा उकरू लागे. नखे रक्ताळली, तरी हळद मिळाली नाही.

"सापडली?" पावले ऐकून साळूने विचारले. ससा तिच्याशेजारी बसून राहिला. "मला भीती वाटते रे," ती म्हणाली. ते तिचे शेवटचे बोलणे.

आषाढात काळ्या खडकाजवळ हिरवीगार पाने वर आली. सशाच्या शेवटच्या खड्ड्यापासून ती अवघी वीतभर लांब होती. ससा तिथे बसून खूप रडला. मग डोळे पुसून तो उठला आणि रानातल्या सगळ्या पिल्लांना ती जागा दाखवायला घेऊन आला.

तात्पर्य : मोठेपणा जाईल या भीतीने जे ज्ञान आपण कोणालाच देत नाही, ते आपल्या संकटात आपल्यालाही वाचवू शकत नाही.