हवा सांगणारे

निवडणुकीत पडलेले माजी सभापती दौलतराव यांची एसयूव्ही घाटाच्या चढावर धापा टाकू लागली. "तुला गाडी चालवता येत नाही, उद्यापासून येऊ नकोस!" ते ड्रायव्हर सदूवर ओरडले. मागच्या सीटवरच्या कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या.

घाटातल्या गॅरेजच्या मालकीण रुक्साना शिकलगार यांनी एक सेन्सर काढला, स्प्रे मारून साफ केला आणि परत बसवला. इंजिन झकास चालू लागलं.

"सदूचा दोष नाही. इंजिनात हवा किती जाते, ते हा सांगतो. धुळीमुळं खोटं सांगत होता."

दौलतराव हसले. "एवढ्याशा तुकड्याच्या खोट्यानं एवढी मोठी गाडी अडते होय?"

"साहेब, मागच्या निवडणुकीत 'सगळीकडं आपलीच हवा' असं तुम्हाला सांगणारे तरी कुठं मोठे होते?"

दौलतराव मागच्या सीटकडे वळले. मग कार्यकर्त्यांना म्हणाले, "उतरा. तुम्ही एसटीनं या. सदू, काढ गाडी."