भरावाखालची वाट

त्या राज्यात तळं एकच होतं, आणि तळ्याचा बांध बगळ्यांच्या ताब्यात होता. बगळे बांधावर उभे राहत, पाण्याकडे बघत, आणि हे बघणं म्हणजेच कारभार, असं सगळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. बांधाच्या पलीकडच्या उतरणीवर प्रजेची बिळं होती. त्यांतलं सगळ्यात वरचं, बांधाला अगदी लागून असलेलं बीळ खवलेमावशीचं.

खवलेमावशी म्हणजे खवले मांजर. अंगभर चिलखत, पण आत जीव एवढासा. वाळकं पान पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. तिचं एकुलतं पिल्लू तिच्या शेपटीच्या मुळाशी चिकटून असे. दुपार कलली की ती त्याला तसंच घेऊन समोरच्या वाटेने वारुळांकडे जाई आणि पोटभर मुंग्या खाऊन परत येई. याहून जास्त तिला राज्याकडून काही नको होतं.

एकदा बगळ्यांना वाटलं, बांध अरुंद पडतोय. मागच्या रांगेतल्यांना पाणी दिसत नाही. मग उतरणीच्या बाजूला दगडमातीचा भराव पडला. तो घसरत घसरत मावशीच्या बिळाच्या तोंडावर येऊन थांबला. तोंड पुरतं बुजलं नाही, हीच तर पंचाईत. पुरतं बुजलं असतं तर निदान चार जण हळहळले असते. एक फट उरली. त्या फटीतून मावशी पोट खरवडत एकटी बाहेर पडू शके, पण शेपटीवर पिल्लू असलं की अडके. त्याला आत ठेवून जावं लागे. मग वारुळापाशी जीभ मुंग्यांत आणि कान बिळाकडे. साप आला तर? वरून माती ढासळली तर? अर्धपोटी ती धावत परत येई.

त्या राज्यात तक्रार करायची एक रीत होती. तळ्याकाठच्या चिकणमातीची लादी थापायची, तीवर आपल्या चारही पायांचे ठसे उठवायचे आणि ती बांधावर वाळायला ठेवायची. आठ दिवसांनी वाळली की बगळे ती बघत. त्याआधी टिटवी तपासून घेई.

टिटवी साधं बोलली तरी कोकलल्यासारखंच वाटे. मावशीची लादी पाहून ती बोलली मात्र, मावशी शेपटी पोटाशी घेऊन तिथल्या तिथे चेंडू झाली.

"अहो मावशी, उघडा! खात नाहीये मी तुम्हाला. पुढच्या पायांचे ठसे कुठायत?"

"ते काय ते." खवल्यांतून एक डोळा बाहेर आला.

"हे ओरखडे आहेत."

"मी तशीच चालते गं. नखं आत दुमडून. उकरायची नखं, झिजली तर खाऊ काय?"

"चाला तुम्ही हवं तसं. ठसा सपाट लागतो."

मावशीने दुसरी लादी थापली. पाय सपाट टेकवताना नखं आरपार गेली, आणि वाळता वाळता लादीला मधोमध तडा गेला. टिटवी म्हणाली, "आता या दोन तक्रारी झाल्या. यांतली कुठली घ्यायची?" तिसरी लादी मात्र सुरेख वाळली. मावशी आठ दिवस तिच्यापाशी राखणीला बसली होती. फक्त पिल्लाला बघायला मधूनमधून उठे. तशी एकदा उठली, तेवढ्यात एक बगळा लादीवरून चालत गेला.

"यावर सहा पाय दिसतायत मावशी. अर्जदार नक्की कोण?"

"त्यातले दोन तुमच्या साहेबांचे आहेत!"

"म्हणजे साहेबांविरुद्ध तक्रार, आणि तीवर साहेबांचेच पाय? कमाल आहे तुमची."

खालच्या बिळात ससेभाऊ राहत होता. त्याने बिळातूनच मान बाहेर काढली. "मावशी, तुम्हीच जरा बारीक व्हा की. राज्याला कशाला त्रास?"

"तुझ्या दारावर दगड पडले असते म्हणजे कळलं असतं."

"माझ्या कसे पडतील? मी मुद्दाम खाली बीळ केलंय."

सातव्या लादीनंतर थोरला बगळा टिटवीला घेऊन स्वतः पाहणीला आला. भरावाच्या टोकावर उभं राहून त्याने मान वाकडी केली.

"वाट कुठे आहे?"

"तुमच्या पायाखाली, साहेब."

"आम्हाला दगड दिसतायत. वाट असती तर दिसली असती. लिही गं, वाट नव्हती." मग उडताना त्याला टोकाचा एक दगड डुगडुगताना जाणवला. कुणाला लागायला नको, म्हणून त्याने तो चोचीने ढकलला. दगड गडगडत खाली आला आणि बरोबर फटीत बसला.

मावशी बाहेर होती. पिल्लू आत.

"साहेब, पिल्लू आत आहे!" थोरला बगळा तोवर पाण्यापाशी पोचलाही होता.

"तेवढं लादीवर घ्या मावशी," टिटवी म्हणाली. "सपाट घ्या."

मावशी दगडाकडे वळली. तिने नखं उघडली. ऊन उतरेपर्यंत ती दगडाभोवती उकरत राहिली, आणि आतून ओढून काढलेल्या पिल्लाच्या नाकातोंडात माती होती. तिने चाटून चाटून ती काढली. बऱ्याच वेळाने पिल्लू शिंकलं.

वारुळं पलीकडच्या रानातही होती. पिल्लाला शेपटीवर घेऊन ती तेव्हाच निघून गेली असती तर कुणी अडवलं नसतं. मावशीलाही ते ठाऊक होतं. पण तिला आता मुंग्या नको होत्या. सात लाद्या तिच्या घशात अडकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने पिल्लाला बांधाजवळच्या करंजाच्या बेचक्यात बसवलं आणि म्हणाली, "इथून हलायचं नाही." मग ती खाली ससेभाऊच्या दारात गेली.

"पाचही मुलांना आज टेकाडावर ने."

"का? काय आहे टेकाडावर?"

"हवा चांगली आहे."

"तुम्ही अन् तुमची हवा!" ससेभाऊ हसला आणि पाला चघळत बसला.

मावशी आपल्या बिळात शिरली आणि मागच्या भिंतीपासून सरळ तळ्याच्या दिशेने उकरू लागली. कोरडी माती संपली. ओली लागली. ओल्या मातीचा अर्थ तिच्याइतका त्या राज्यात कुणाला कळत नव्हता. वर बगळ्यांचे पाय वाजत होते, टिटवी कुणालातरी 'पुढच्या आठवड्यात या' सांगत होती. दर आवाजाला मावशी दचकत होती, आणि दचकूनही उकरत होती. नखांना चिखल लागला. चिखल थरथरला.

मग बांध फुटला.

भराव गेला, दगड गेले, वाळत घातलेल्या सगळ्यांच्या सगळ्या लाद्या विरघळून गेल्या. बांधावरच्या खड्यांत टिटवीची चार अंडी होती, त्यांतली दोन गेली. बगळ्यांचं काहीच गेलं नाही. ते पंख पसरून उठले आणि करंजावर जाऊन बसले. पाणी उतरणीवरून बिळाबिळांत शिरलं. ससेभाऊ एक पिल्लू उंचवट्यावर ठेवून दुसऱ्यासाठी परत बुडी मारत होता, आणि त्याच्या किंकाळ्या वरपर्यंत येत होत्या.

पाण्याने मावशीला उचलून आपटलं. तिने जे जन्मभर केलं तेच केलं. शेपटी पोटाशी, डोकं शेपटीत. तो गोळा गरगरत भगदाडाकडे आला आणि तिथे गच्च बसला.

पाणी थांबलं.

आतल्या अंधारात मावशीला सगळं ऐकू येत होतं. पाठीवर सबंध तळं ढुशा देत होतं. खाली ससेभाऊ रडत रडत मुलं मोजत होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी चार भरल्यावर थांबत होता. थोड्या वेळाने खवल्यांवर पावलं टिकटिकली.

"हा दगड बरा बसलाय," थोरला बगळा म्हणाला. "पहिल्यापेक्षा बरा."

टिटवी ओरडून नावं पुकारू लागली. ससेभाऊच्या एका पिल्लाचं नाव तिने तीनदा पुकारलं.

शेपटी वीतभर सैल केली की झालं, पाणी पुन्हा सुटेल, मावशीच्या मनात आलं. मग खालून ससेभाऊचं मोजणं पुन्हा ऐकू आलं, आणि तिने अंग आणखी आवळलं.

करंजावरून पिल्लू उतरलं. वास घेत घेत ते गोळ्यापाशी आलं. त्याने भोवती फिरून शेपटी शोधली. शेपटी आत होती. त्याने हाक मारली. ओ द्यायची तर मावशीला शेपटीतून तोंड बाहेर काढावं लागलं असतं.

गोळ्याच्या कडेच्या फटीतून अजून एक बारीक धार चालू होती. तिचा फटकारा पिल्लाच्या नाकावर बसला. पिल्लू दचकलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच चेंडू होऊन त्या फटीत घरंगळलं. धार बंद झाली.

वर थोरला बगळा इतका वेळ एका पायावर तोल सांभाळत कसाबसा उभा होता. त्याने खाली पाहिलं, आणि दुसरा पाय त्या लहान गोळ्यावर नीट टेकवला.