कुठलं बोट?

मधकड्याच्या तोंडाशी दगडाच्या दोन बैठका आहेत. एक खालची, घासून गुळगुळीत झालेली. दुसरी तिच्याहून वीतभर उंच आणि बहुतेक वेळा रिकामी. पाहुणे नेमके त्या उंच दगडावर टेकायला जातात. गावचा म्हातारा वाटाड्या हरबाजी त्यांना हात धरून उठवतो. "तिथं नको बाबा, ती जागा आपणहून मागावी लागते," असे म्हणतो आणि खाली मांडी घालून सांगू लागतो.

हा कडा दोरभावांचा. आग्या मोहोळाचा मध काढायला दोरावरून उतरणाऱ्यांची ही भावकी. रक्ताची नव्हे, शपथेची. पूर्वी तिच्यात तीन पायऱ्या होत्या म्हणे. नवा येई तो वळकरी. त्याने अंबाडीचा दोर वळायचा, पण माणूस लटकलेल्या दोराला शिवायचे नाही. त्याच्या वर उतारी, जो कडा उतरे. आणि सर्वांत वर थोरला, जो काठावरच्या अंजनीच्या झाडाला एक वेढा देऊन एकटा दोर धरी. आणखी एक नेम होता. कड्यावर 'सुटणे' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. गाय दाव्यातून निघाली तरी 'मोकळी झाली' असेच म्हणायचे.

त्या काळी लिंगोजी थोरला होता. एका वर्षी फाल्गुनात त्याच्या दोन्ही हातांची बोटे बधिर होऊ लागली. तव्याने हात पोळला तो त्याला फोड दिसल्यावर कळला. त्याने कुणाला सांगितले नाही. ज्याला दोर धरता येत नाही अशा थोरल्याला भावकीत जागाच नव्हती. त्याने घरी जाऊन बसायचे. तो रोज डोळे मिटून बाभळीचा काटा बोटांना टोचून पाही. आज जरासे कळले, अशी स्वतःची समजूत घाली. खरेच कळले का, हे मात्र स्वतःला विचारत नसे.

चैत्रातल्या एका सकाळी उतार ठरला. उतारी होता गोंदाजी, लिंगोजीचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. सगळ्यांत नवा वळकरी म्हाळू, चाळिशीचा घरजावई.

"म्हाळूभावजी," कमरेला दोर बांधताना गोंदाजी म्हणाला, "सासूच्या हातचं खाऊन पोट सु..." त्याने जीभ चावली. "पोट मोकळं झालंय की तुमचं!"

सगळे हसले. लिंगोजीही हसला, पण त्याचे हात घोंगडीखालीच होते.

गोंदाजी काठाखाली दिसेनासा झाला. खालून हाक आली, "धरलंय का रं, लिंगूदादा?"

"धरलंय!"

वीसेक हात दोर गेला असेल. मग लिंगोजीला दिसले की मूठ आवळलेली आहे आणि तरी दोर तिच्यातून सरकतो आहे. हाताला काहीच कळत नव्हते. डोळ्यांना दिसत होते तेवढेच. दोरावर रक्त होते. ते आपले, हेही त्याला उशिरा उमगले.

"दादा, दोर का येतोय खाली?"

लिंगोजीने टाच खडकाला लावली आणि तो ओरडला, "मोकळं होतंय! मोकळं होतंय!"

आणि सगळ्यांनी माना वळवून चरणाऱ्या गुरांकडे पाहिले. एक जण तर दावे घेऊन धावलाही.

वेढ्याशी अंबाडी कुरकुरली. लिंगोजीने डोळे मिटले.

"सुटतंय!" तो म्हणाला. "माझ्या हातून सुटतंय! महिना झाला, बोटं मेलीत माझी!"

कड्यावर तो शब्द तोवर कुणी ऐकला नव्हता. सगळे जागच्या जागी थिजले. नेम अजून अंगात न मुरलेला म्हाळू तेवढा हलला. शिवायचे नाही त्या दोरावर त्याने सगळे अंग टाकले, तेव्हा बाकीचेही धावले.

गोंदाजी वर आला. मधाचे मडके दरीत गेले होते. काही जण म्हणतात तेही वाचले. कुणी पाहिले आहे?

"महिनाभर?" त्याने एवढेच विचारले.

लिंगोजीने पागोटे काढून थोरल्याच्या बसायच्या, आजच्या खालच्या दगडावर ठेवले आणि तो गावाच्या वाटेला लागला.

"कुठं निघालास?" गोंदाजीने हाक मारली. "महिनाभराचं भांडण आपण घरी भांडू, अन् मी सोडणार नाही तुला. पण आज बोलला नसतास तर मी खाली असतो. माघारी ये."

त्याच दिवशी भावांनी दुसरा दगड ओढून आणला आणि पहिल्याहून उंच बसवला, असे सांगतात. भावकीला चौथी पायरी मिळाली. तिचे नाव 'सुटा'. आता दोर धरवत नाही असे धरणाऱ्याने आपणहून सांगितले, तरच ती मिळते. सुटा नको म्हणाला, तर त्या दिवशी थोरल्यालाही उतार करवता येत नाही.

आजही चैत्रात उताराआधी थोरला डोळे मिटून दोन्ही हात पुढे करतो. सगळ्यांत नवा वळकरी त्याच्या एका बोटाला बाभळीचा काटा टोचतो आणि विचारतो, "कुठलं बोट?" उत्तर येईपर्यंत कुणी हलत नाही. बहुतेक वर्षी ते येते. ज्या वर्षी येत नाही, त्या वर्षी थोरला डोळे उघडतो, कड्यावर एरवी न उच्चारायचा तो शब्द मोठ्याने उच्चारतो आणि स्वतःच्या पायांनी चालत उंच दगडावर जाऊन बसतो.