भुकेली पाहुणी

खूप खूप वर्षांपूर्वी, आपल्या पणजीची पणजीसुद्धा रांगत नव्हती तेव्हा, एका तळ्याकाठी एक गाव होतं. सकाळी तळ्यावरून धुकं निघायचं आणि गल्लीबोळांतून हळूहळू फिरायचं. वाटायचं, कुणाचं तरी घर शोधतंय.

त्या गावाची एक रीत होती. बारशाला बाळाला नावाबरोबर एक नवी गोष्ट द्यायची, कुणी कधी न ऐकलेली. ती सांगून झाल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही. गोष्टी देण्याचं काम एका आत्याबाईंकडं होतं. त्या वारल्या आणि ते काम त्यांच्या भाचीकडं आलं.

पोरगी हौशी, पण तिनं अजून एकही गोष्ट रचलेली नव्हती. आणि शेजारच्या काकूंची लेक तर बाळंतपणाला माहेरी आलेली!

"काय गं, सुचलं का काही?" काकू कुंपणावरून रोज विचारायच्या.

"शोधतेय, काकू."

"शोध बाई, शोध. माझं नातवंड बिनगोष्टीचं राहिलं तर बघ हं!"

मग भाची शोधायला निघायची. कधी डोंगर, कधी रान, कधी नदीचा उगम. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत.

एकदा ती परतली तर काकू तिची वाटच बघत होत्या. "अगं, होतीस कुठं? सकाळी तुझ्याकडं एक बाई आली होती. धुक्यातून आली नि धुक्यात गेली. तुझ्या ओटीवर केवढा वेळ बसून होती! मी विचारलं, कोण गं तू? तर म्हणाली, मी गोष्ट. आणि खरं सांगते, दवातून चालत गेली, पण गवतावर पाऊल उमटलं नाही!"

भाचीनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवसापासून तिनं उंबरा ओलांडला नाही. ओटी सारवली, पाट मांडला आणि दाराकडं डोळे लावून नुसती बसून राहिली.

एका सकाळी धुकं ओटीवर चढलं आणि त्यातून ती आली. दमलेली, पोट खपाटीला गेलेलं. पाटावर टेकत म्हणाली, "फार लांबून आलेय गं. काही वाढतेस का?"

"मी वाढू? मला वाटलं, तूच काही घेऊन येशील."

"पाहुणी कधी शिधा बांधून येते का? घरात असेल ते वाढ. शिळंही चालेल."

"घरात काहीच नाही. मी तर नुसती तुझी वाट बघत होते."

गोष्ट तांब्यातलं पाणी प्यायली, "सुखी राहा" म्हणाली आणि निघून गेली.

भाची खूप रडली. मग तिनं आत्याबाईंची धूळपाटी काढली. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं अक्षरं काढायची, तसली पाटी. रोज सकाळी ती घेऊन बसू लागली. दिसेल ते लिहायचं, आठवेल ते लिहायचं. पाटी भरली की पुसायची, पुन्हा लिहायचं.

काकू कुंपणावरून मान उंचावून वाचायच्या. "काल बेडूक, आज फुटका रांजण! कथेकरीण आहेस की आठवडी बाजार? आणि तो बेडूक रडत होता का हसत होता?"

"तेच कळत नाही, काकू."

"मग उद्या परत विचार त्याला."

एखाद्या दिवशी एक ओळही धड जमायची नाही. तरी ती बसायची. होता होता दाराकडं बघायचं तिच्या ध्यानातच राहीना.

काकूंना नात झाली. बारशाची सकाळ उजाडली. पाळणा फुलांनी सजला, बायका जमल्या, पण भाचीकडं गोष्ट नव्हती. तरी ती आपल्या ओटीवर पाटी घेऊन बसली. जरा वेळानं मान वर केली, तर पाटावर पाहुणी!

"आज काय आहे घरात?"

"साधंच काहीबाही. तेही रोज पुसून टाकलंय."

"पाटीवरचं पुसलंस. तुझ्या बोटातलं कुठं पुसलं गेलं? वाढ बरं. आधी तो बेडूक वाढ."

भाची वाढत गेली. बेडूक, रांजण, उन्हानं चोच वासलेल्या चिमण्या. पाहुणी एकात एक कालवून जेवत गेली. तिच्या गालांवर तेज चढलं. मग ती उठली आणि भाचीचा हात धरून पाळण्यापर्यंत आली.

त्या दिवशी काकूंच्या नातीला एका बेडकाची गोष्ट मिळाली. रांजणाच्या चिरेला पाठ लावून तो उन्हाळाभर बसून राहिला आणि चिमण्यांना पाणी पुरलं. गोष्ट संपली, पाळणा हलला, बाळ झोपेत हसलं. त्यानंतर त्या गावात कुठलंच बाळ गोष्टीवाचून राहिलं नाही.

बायका पांगल्यावर काकूंनी भाचीला कोपऱ्यात गाठलं. "ती आली होती ना गं आज? काय नेसली होती? दिसायला कशी होती? मला मेलीला या गडबडीत यायलाच जमलं नाही."

"कुणास ठाऊक, काकू," भाची म्हणाली. "मी वाढण्यात होते."

तात्पर्य एवढंच, की सुचण्याची नुसती वाट बघू नये. रोज थोडं थोडं करत राहावं, म्हणजे सुचलेलं आपल्याकडं टिकतं.