धुरपदेचा वल्ह्याचा वसा

ऐका नदीमाय, तुमची कहाणी. नदीच्या वळणावर आटपाट एक नगर वसलं होतं. नगराला पूल नव्हता, घाटावर नावा होत्या. नावांचा नाईक केरबा. त्याची एक लेक, तिचं नाव धुरपदा. ती नावाड्यांच्या भाकरी थापी, नावेतलं पाणी उपशी, आणि मनात म्हणे, सुकाणू धरीन तर मीच.

एके दिवशी तिनं बापाला विचारलं. बाप म्हणाला, "पोरी, नदी ओळखायला जन्म जातो. तुझं ते काम नव्हे." नावाडी हसले. धुरपदेला वाईट वाटलं. मग ती उठली, घाटाखाली गेली, रडू लागली. तों तिथं एक सवाष्ण आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, केस ओले. तिनं विचारलं, "बाई, बाई, रडतेस का?" धुरपदेनं सारी हकीकत सांगितली. सवाष्ण म्हणाली, "तुला वसा सांगते, तो घे."

"त्यानं काय होतं?"

"येत नाही ते येतं, मनातलं हाती लागतं, हाती लागलेलं चार घरी पोचतं."

"वसा कसा करावा?"

"उगवतीला नदीला ओंजळ वाहावी. येत नाही ते विचारावं, लाजू नये. आलं ते मागेल त्याला द्यावं, लपवू नये. नावेत जड वल्हं आपण घ्यावं, सगळे उतरले की मग उतरावं. उतलीस, मातलीस, तर हातचं जाईल." असं म्हणून ती पाण्यात दिसेनाशी झाली.

धुरपदेनं वसा घेतला. मग ती रायाजी नावाड्याकडे गेली. "काका, वल्हं शिकवा." तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले, वल्हं आलं. मग ती दोर वळणाऱ्या बायजाकडे गेली. "मावशी, गाठ शिकवा." बोटं सोलली, गाठ आली. मग ती मासे धरणाऱ्या ठकूकडे गेली. "आजी, पाणी शिकवा." ठकू म्हणाली, "आधी गप बसायला शीक." धुरपदा काठावर गप बसली. बसता बसता भोवरा कुठं, खडक कुठं, वाळू कुठं, ते नुसत्या पाण्याच्या रंगावरून सांगू लागली.

पुढं एकदा वऱ्हाडाची नाव वाऱ्यात सापडली. केरबाच्या हातून सुकाणू सुटलं, ते धुरपदेनं धरलं. नाव काठाला लागली. नवरी उतरली, वऱ्हाड उतरलं, मग धुरपदा उतरली. बाप पुढं आला. त्यानं नाइकीचा फेटा काढला आणि लेकीच्या डोक्याला बांधला.

नाइकी आली, तसा मद आला. धुरपदा घाटावर गादी टाकून बसू लागली, बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागली. परटीण गोदा आली. "बाई, मला वल्हं शिकवा." "मला वेळ नाही." दमलेला रायाजी आला. "आज माझं वल्हं धर." "नाइकानं वल्हं धरायचं असतं का?" ठकू आली. "यंदा पाण्यानं वाट बदलली, बघून जा." "मला पाणी ठाऊक आहे." ओंजळ राहिली, वसा राहिला.

मग काय झालं? बाजाराच्या दिवशी नाव वाळूत रुतली, कलंडली. गाठोडी वाहून गेली, रायाजीचा पाय मोडला. नावाडी म्हणाले, "आम्ही आता येत नाही." घाट ओस पडला.

धुरपदा रायाजीच्या उशाशी बसली. म्हणाली, "काका, हे माझ्यामुळं झालं."

रायाजी म्हणाला, "हो, तुझ्यामुळंच. नदी दरसाल कूस बदलते. तू विचारायचं सोडलंस, तिनं सांगायचं सोडलं."

धुरपदा उठली. पहाटे नदीला ओंजळ वाहिली. मग दारोदार गेली. "चुकले. नावेवर या, जड वल्हं माझं." नावाडी परतले. ती ठकूच्या पाया पडली. गोदाला आपण होऊन हाक मारली. गोदा शिकली, तिचं बघून कुंभारीण शिकली, कोष्ट्याची सून शिकली. रायाजीचा पाय बरा होईतो त्याच्या घरी पाणी भरलं, ते धुरपदेनंच.

पुढं मोठा पूर आला. पलीकडची वाडी पाण्यात गेली, माणसं छपरांवर चढली. राजा घाटावर आला. "इतक्या नावा नेणार कोण?" धुरपदेनं मागं पाहिलं. एक नाव गोदानं घेतली, एक कुंभारणीनं, एक लंगडत लंगडत रायाजीनं. धुरपदा गोदाच्या नावेत जड वल्ह्याशी बसली. म्हणाली, "गोदे, वाट तू सांग, ओढते मी." लेकरं आली, म्हातारी आली, गायीवासरं आली. वाडीतलं एक माणूस मागं राहिलं नाही.

राजानं विचारलं, "यांची नाईक कोण?" सुकाणूवरच्या गोदानं वल्ह्याकडे बोट केलं. राजा म्हणाला, "बाई, हवं ते माग." धुरपदा म्हणाली, "महाराज, जो शिकायला येईल त्याला नावेत जागा मिळावी. कुणाची लेक, कुणाची सून, ते विचारू नये." राजानं तशी दवंडी पिटवली.

केरबा काठावर उभा होता. त्याचा ऊर भरून आला. भेटेल त्याला सांगू लागला, "आजवर तिला केरबाची लेक म्हणत होते. आता मला धुरपदेचा बाप म्हणतात."

जशी नदीमाय धुरपदेला पावली, तशी सांगणारीला पावो, ऐकणारीला पावो, तुम्हाआम्हा लेकीसुनांना पावो. साठा बोलांची कहाणी पाचा ओंजळींत मावली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.