तितराची साक्ष

राजवाड्याच्या पायरीवर तितराचं पट्ट्यापट्ट्यांचं पीस पडलं होतं. सोनकीला तेच खटकलं. रानातल्या पाखराचं इतकं ताजं पीस, इथे? तिने ते पटकन मुठीत लपवलं.

विचार करायला वेळ कुठे होता! रानात एक तितर धरला म्हणून तिच्या बापाला, लहानूला, शिपायांनी दरबारात बांधून उभं केलं होतं.

“चैत्र ते आषाढ पाखरं अंड्यांवर असतात. शिकार बंद!” धारगडचे महाराज गरजले. “कायदा मोडणाऱ्याला वर्षभर कैद!”

“महाराज, आमच्या पाड्यावर हा कायदा कुणाला ठाऊकच नाही,” सोनकी कशीबशी म्हणाली.

“काय? दवंडी पिटवलीय मी! राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काय हो, सरदार?”

“ठाऊक आहे तर! हत्ती मारायचा नाही.”

“छे हो, सशाचं आहे ते,” शेजारचा कुजबुजला.

महाराजांचा पारा चढला. “यांनी ऐकलाय, फक्त विसरलेत! पोरी, कायदा कानावरच न पडलेला एक माणूस दाखव. पाड्यावरचा चालणार नाही. आणि या दरबाराबाहेर पाऊल टाकायचं नाही! दाखवलास, तर बाप सुटला.”

दरबार खदखदून हसला.

“ऱ्हाऊ दे, पोरी,” लहानू पुटपुटला. “वरीस काय, सरंल.”

सोनकीने मूठ उघडून पिसाकडे पाहिलं. मग ओंजळ तोंडाशी नेऊन साद घातली, “कतीतर! कतीतर!”

तिने पुन्हा साद घातली. कुणीतरी फिसकन हसलं. तिचे कान लाल झाले, तरी तिने तिसऱ्यांदा साद घातली.

आणि सिंहासनामागच्या मुदपाकखान्यातून खणखणीत उत्तर आलं, “कतीतर-कतीतर-कतीतर!”

शिपायांनी आचारी बाळोजीला पिंजऱ्यासकट ओढत आणलं.

“चैत्रात तितर?” महाराज ओरडले. “कायदा ठाऊक नाही?”

“कसला कायदा, महाराज? आपल्यालाच रस्सा आवडतो ना!”

“ठाऊक असून धरला असेल, तर हा गुन्हेगार,” सोनकी म्हणाली, “आणि रस्सा कुणासाठी, तेही लिहून घ्यावं लागेल! ठाऊक नसेल, तर आपण मागितलेला माणूस हाच. आपणच ठरवा. दवंडी सिंहासनापासून चुलीपर्यंत चाळीस पावलं गेली नाही, महाराज. आमचा पाडा तर चाळीस कोसांवर!”

महाराज असे हसले, की मुकुट घसरून कानावर आला.

“सोडा लहानूला! तितरालाही सोडा! आणि दवंडीचा डफ आजपासून या पोरीकडे. पगार सरकारी! काय गं, पहिली दवंडी कुठे पिटशील?”

डफ गळ्यात अडकवून सोनकी केव्हाच मुदपाकखान्याकडे निघाली होती.